पत्ता अपुरा

उल्ला : म्हणजे वर्षभरात तू यातला एकही मेल उघडला नाहीस?

प्रेबन : उघडले की. 'प्रिय प्रेबन' असं लिहिलेलं प्रत्येक पत्र उघडलं, वाचलं आणि उत्तरही दिलं. 'प्रिय सगळ्यांनो' असं लिहिलेलं पत्र माझं कसं?

उल्ला : अरे, सगळ्यांमध्ये तूही येतोस ना!

प्रेबन : अडतीस वर्षं टपाल वाटलंय मी, उल्ला. नाव आणि घर नंबर असल्याशिवाय एक पाकीट कुणाच्या दारात टाकलं नाही. आणि 'सगळ्यांनो' नावाचा माणूस अख्ख्या आमागर बेटावर राहत नाही. मला विचार. एकेक दार माहीत आहे.

उल्ला : सात हजार तीनशे अठरा! हे बघ, लाल गोळ्यात आकडा आलाय. आधी मला वाटलं लॅपटॉपला गोवर झाला.

प्रेबन : वरचे अठरा नको धरूस. सात हजार तीनशे म्हणजे येलिंग.

उल्ला : काय?

प्रेबन : पोस्टाचा नंबर. ७३००, येलिंग. म्हणजे आपण पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, जटलंडात उभे आहोत. मेल कमी होत जातील तसं तिथून घराकडे निघायचं. पाच हजाराला ओडेन्स, चार हजाराला रोस्किल्डे, तीन हजाराला हेल्सिंगोर आणि तेवीसशेला आपलं आमागर. सायकलवर बसलं की येतंच माणूस घरी.

उल्ला : तुझी सायकल पोचेपर्यंत सभा संपलेली असेल. एक वाजता चौऱ्याऐंशी बागांचे मालक या खोलीत येऊन बसणार, आणि मला बाग संघाची अध्यक्ष म्हणून उभं राहून सांगायचंय की सत्तेचाळीस नंबरची बाग कुणाला दिली.

प्रेबन : मग सांगशील. आत्ता सव्वाआठ होतायत.

उल्ला : सांगण्यासारखं काय उरलंय त्यात? कियेर्स्टेन बाग सोडून मुलाकडे गेली. प्रतीक्षा यादीत पहिली ती फ्रेडरिक्के स्टेन्होल्ट. तिला पत्राने कळवलं, दहा दिवसांची मुदत दिली, मुदत काल संध्याकाळी संपली. तिचं लेखी उत्तर नाही. लेखी उत्तर नाही तर बाग पुढच्या नंबराला. नियम मी केला नाही, तो भिंतीवर लावलाय.

प्रेबन : आणि पुढचा नंबर तुझ्या लेकीचा, मेटेचा.

उल्ला : मेटेचाच. त्यात लपवायचं काय? पोरगी अकरा वर्षं यादीत आहे. कुणाच्या पुढे घुसलेली नाही. सातवा महिना लागलाय, नवऱ्याबरोबर, योनासबरोबर चौथ्या मजल्यावर राहते, सज्जासुद्धा नाही घराला. खिडकीत दोन कुंड्या ठेवल्या तर खालच्या मजल्यावरचा कुरकुरतो.

प्रेबन : मी काही बोललो का?

उल्ला : तू न बोलता जास्त बोलतोस. माझी बाग सेहेचाळीस, तिची सत्तेचाळीस होईल. मध्ये फक्त झुडपांचं कुंपण. पुढच्या उन्हाळ्यात पोर रांगायला लागलं की तिकडून इकडे येईल. कुंपण कुठे कापून फाटक करायचं तेही ठरवून ठेवलंय मी.

प्रेबन : पाहिलं. लाल सुतळी बांधली आहेस दोन्ही बाजूंना.

उल्ला : बांधली आहे. मग?

प्रेबन : मग काही नाही. पण 'उत्तर आलं नाही' हे वाक्य पिशवी रिकामी झाल्यावर बोलायचं असतं. भरल्या पिशवीवर बसून नाही.

उल्ला : मी शोधलं रे काल. पूर्ण नाव टाकून शोधलं. फ्रेडरिक्के नाही, स्टेन्होल्ट नाही. फोन लावला तर सतरा वर्षांपूर्वीचा नंबर. तो आता एका पिझ्झावाल्याकडे लागतो. फार प्रेमाने बोलला, पण बाग नको म्हणाला.

प्रेबन : यंत्राने शोधलंस. हाताने नाही.

उल्ला : बरं बाबा, हाताने. कसं काय करायचं सांग. पण हे असं एकेक उघडत बसलो तर माझं अजून जन्मायचं नातवंड कॉलेजात जाईल.

प्रेबन : एकेक नाही. टपाल कधी तारखेने लावतात का? टपाल लावायचं चालायच्या रस्त्याने. एक नंबरपासून चौऱ्याऐंशीपर्यंत. परवा मी नातीला बसवून चौऱ्याऐंशी कप्पे करून घेतले यात. मेलच्या वर बाग नंबर लिहायचा, हा आपल्या संघाचा नियमच आहे. नंबर बघून पत्रं आपोआप आपापल्या कप्प्यात जाऊन पडली.

उल्ला : आणि नंबर लिहायला विसरलेली?

प्रेबन : त्यांचा वेगळा कप्पा. 'पत्ता अपुरा'. ती सगळ्यात शेवटी.

उल्ला : हे मात्र मला आवडलं. कधी नव्हे ते. चल, एक नंबर.

प्रेबन : एक नंबर, बोडिल. अडतीस पत्रं. बियाण्यांच्या जाहिराती सगळ्यांना पाठवल्यात.

उल्ला : टाक. पुढे.

प्रेबन : दोन नंबर. एकशे चार. जूनच्या सणातल्या शेकोटीबद्दल आभार, शेकोटीच्या आभारांबद्दल आभार, आणि मग—

उल्ला : आभाराच्या आभाराचे आभार. टाक! आपल्या लोकांना एकदा जेवायला घाला, मग वर्षभर आभार पुरवून खातात. आणि प्रत्येकाला ते सगळ्यांना पाठवायचे असतात.

प्रेबन : आभार मानू नयेत का माणसाने?

उल्ला : एकदा मानावेत. गालावर मुका घ्यावा, घरी जावं.

प्रेबन : नऊ नंबर. फ्लेमिंग. दोनशे चौदा.

उल्ला : दोनशे चौदा? त्याने काय आत्मचरित्र लिहिलंय?

प्रेबन : दहा नंबरचं कुंपण एक मीटर ऐंशीच्या वर गेलंय. आणि दहा नंबरच्या कप्प्यात बघ, बेंटची दोनशे तेरा. कुंपण गेलेलं नाही, फ्लेमिंग बुटका आहे.

उल्ला : आणि हे तू वर्षभर मिटवलं नाहीस? चिटणीस आहेस तू! तुझं कामच ते.

प्रेबन : शेवटचं पत्र वाच, मग बोल. ऑक्टोबर.

उल्ला : 'बेंट, रविवारच्या कॉफीबद्दल आभार. करवत तुझ्याकडेच राहू दे. फ्लेमिंग.' …अगं बाई.

प्रेबन : मी मध्ये पडलो असतो तर मिटलं असतं का? दोघं मिळून माझ्यावर आले असते. काही पत्रं न वाचणं हीसुद्धा एक सेवा असते.

उल्ला : हे वाक्य सभेत बोलू नकोस. पुन्हा निवडून देतील तुला.

प्रेबन : देतीलच. दुसरं कोण उभं राहतंय?

उल्ला : टाकते दोघांचीही. चारशे सत्तावीस एका फटक्यात. कुठे आलो?

प्रेबन : सहा हजाराच्या खाली. कोल्डिंग गेलं मागे. आता पूल लागेल.

उल्ला : एकतीस नंबर काय म्हणतोय? हिवाळाभर बंद असलेलं पाणी आज सकाळी सोडणारेत, नळ बंद केलेत ना त्यांनी? मागच्या वर्षी अर्ध्या बागांनी नळ उघडेच ठेवले होते.

प्रेबन : यावेळी मी स्वतः सगळ्यांना लिहिलंय. 'प्रिय सगळ्यांनो, शनिवारी पाणी सुटेल, नळ बंद ठेवा.' तीनदा पाठवलं.

उल्ला : तू? 'प्रिय सगळ्यांनो'?

प्रेबन : …हो.

उल्ला : मग वाचलं असेल का कुणी?

प्रेबन : पुढे चल, उल्ला.

उल्ला : चालते. पण हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकसष्ट नंबर, एगॉन. 'माझी हातगाडी कुणी नेली आहे का?' फेब्रुवारी. 'माझी हातगाडी अजून मिळाली नाही.' तोही फेब्रुवारी. 'ज्याने नेली त्याला माझ्याकडून एक बाटली, फक्त गाडी परत करा.' मार्च.

प्रेबन : ती माझ्याकडे आहे.

उल्ला : प्रेबन!

प्रेबन : त्याने मला नावाने विचारलं असतं तर त्याच दिवशी दिली असती. …बाटली कसली म्हणतोय?

उल्ला : आज सभेच्या आधी गाडी नेऊन दे. बाटली घेऊ नकोस. घेतलीस तर इथे आण.

प्रेबन : ओडेन्स गेलं बघ. चार हजार नऊशे.

उल्ला : किती वाजले?

प्रेबन : दहा. वेळेत आहोत. कॉफी कर. मी रोस्किल्डेपर्यंत एकटा येतो.

उल्ला : ही घे. आणि सांडू नकोस त्याच्यावर, लॅपटॉप संघाचा आहे. मला सांग, तुला कंटाळा येत नाही?

प्रेबन : कशाचा? पाऊस नाही, कुत्रं नाही, जिना नाही. चार मजले चढून वर जायचं, आणि वर गेल्यावर कळायचं की विजेचं बिल आहे. त्याच्यापुढे हे काय.

उल्ला : आणि तरी वर्षभर तुंबवलंस.

प्रेबन : तुंबवलं नाही. दारात नेऊन द्यायचं कुणाच्या तेच कळत नव्हतं. …हेल्सिंगोर. चालत राहा.

उल्ला : सत्तर ते चौऱ्याऐंशी मी बघितले. सगळे आभार आणि एक लग्नपत्रिका. लग्न होऊन गेलं, माणसं बरी आहेत. टाकलं. किती उरले?

प्रेबन : तेवीसशेच्या खाली येऊन बराच वेळ झाला. घर मागे पडलं. …हजार. आता हजाराखाली.

उल्ला : हजाराखाली कुठलं गाव?

प्रेबन : गाव नाही. हजाराखाली माणसं राहत नाहीत. मोठ्या कचेऱ्यांच्या टपालपेट्या तेवढ्या.

उल्ला : संपलं म्हणजे. हे बघ, सगळे चौऱ्याऐंशी कप्पे रिकामे. पावणेबारा. प्रेबन, आज तुझा मुका घेतला असता मी.

प्रेबन : कप्पा राहिलाय. 'पत्ता अपुरा'. तीनशे बारा.

उल्ला : ते जाऊ दे ना. ज्यांना आपला बाग नंबर लिहिता येत नाही ते काय महत्त्वाचं लिहिणार? सगळे निवडायचे, डिलीट दाबायचं. एक बोट. मघाशी कॉफी करतानाच मेटेला लिहिलंय मी, शेवटचे तीनशे न बघताच टाकायचेत म्हणून.

प्रेबन : हात काढ त्याच्यावरून.

उल्ला : किती ओरडतोस!

प्रेबन : ओरडलो नाही. ऐक. मोठ्या पोस्टात एक खोली होती. ज्या पत्राचा पत्ता लागत नाही ते तिथे जायचं. तिथे एक बाई बसायची, एल्सेबेथ नावाची. पत्र उघडायचा हक्क अख्ख्या शहरात तिलाच. आतलं वाचून कुणाचं ते शोधून काढायची. 'मावशीला, हिरव्या दाराचं घर' एवढ्यावर तिने माणसं शोधली. आम्ही काय वाटेल ते केलं, पण ती पत्रं फेकली नाहीत.

उल्ला : बरं, मग उघड.

प्रेबन : मी नाही. मी वाटणारा. आपल्या संघात एल्सेबेथ नाही, तर आज ती तू. अध्यक्ष आहेस, तुला हक्क आहे. बस या खुर्चीवर.

उल्ला : तीनशे बारा! सभेला सव्वा तास राहिलाय, मला अजून भाषण—

प्रेबन : उल्ला, खिडकीतून बघ. ते एकतीस नंबरमध्ये काय उडतंय?

उल्ला : कारंजं. सुंदर आहे. तीनदा पाठवलं होतंस ना मेल?

प्रेबन : किल्ली कुठे आहे पाण्याची? दे इकडे. तू बस. वरून खाली, एकही सोडायचं नाही.

(प्रेबन किल्ली घेऊन बाहेर जातो. उल्ला वाचत बसते. थोड्या वेळाने तिचा फोन वाजतो.)

मेटे : आई, झालं का? योनास विचारतोय, पहारी आणि फावडी आजच गाडीत टाकू की उद्या? मी म्हटलं आजच टाक. सभा झाली की लगेच एक वाफा तरी खणू. मी नुसती खुर्चीवर बसून हुकूम सोडणार, काळजी करू नकोस.

उल्ला : हं.

मेटे : हं काय? आई? आहेस ना?

उल्ला : आहे. थांब जरा. वाचतेय.

मेटे : अजून मेलच चाललेत? ते काय, शेवटचे तीनशे ना? टाकणार होतात ते.

उल्ला : मेटे, उत्तर आलंय.

मेटे : कुणाचं?

उल्ला : तिचं. फ्रेडरिक्केचं. एका बालवाडीच्या पत्त्यावरून आलंय. मला वाटलं देणगी मागतायत. वर लिहिलंय 'मागच्या भेटीबद्दल आभार'. खाली सही नुसती 'रिक्के'. सोमवारी आलंय.

मेटे : मुदत कधी संपली?

उल्ला : काल. शुक्रवारी.

मेटे : म्हणजे… वेळेत आहे.

उल्ला : वेळेत आहे.

मेटे : काय म्हणते? कदाचित नको म्हणत असेल. अगं, सतरा वर्षांनी लोकांचे बेत बदलतात.

उल्ला : ऐक. 'प्रिय चिटणीस, मागच्या भेटीबद्दल आभार. घरचा कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून कामावरून लिहितेय. सप्टेंबरात मी बागा बघायला आले होते. तुम्ही मला फाटकापाशी सफरचंदाचा केक दिलात आणि म्हणालात, फार वेळ उभं राहिलं की फाटक आपोआप उघडतं. ते मला आठवतं.' मग अर्धं पान केकबद्दलच आहे.

मेटे : नमनालाच घडाभर तेल. मुद्द्यावर ये.

उल्ला : 'पहिल्यांदा यादीत नाव घातलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. मला झोपाळा टांगायला झाड हवं होतं. तेव्हापासून दर जानेवारीत कार्ड टाकून अजून हवी आहे असं कळवत आले. आता झोपाळ्याचं काही नाही. दिवसभर बावीस मुलं अंगाखांद्यावर असतात. मला एक खुर्ची ठेवायला जागा हवी आहे, जिथे संध्याकाळी तासभर कुणी हाक मारणार नाही. तर उत्तर असं, की हो. रिक्के.'

मेटे : …प्रेबनने पाहिलंय?

उल्ला : नाही. तो एकतीस नंबरात पाण्याशी झटतोय.

मेटे : आई, तुम्ही ते न बघता टाकणारच होतात. तूच सकाळी लिहिलंस मला.

उल्ला : लिहिलं होतं.

मेटे : मग टाक ना. म्हणजे… आहे तसंच. तूच टाकलं असतंस पाच मिनिटांपूर्वी आणि कुणी तुला एक शब्द बोललं नसतं.

उल्ला : पाच मिनिटांपूर्वी ते तीनशे बारा होते, मेटे. आता ते एक आहे.

मेटे : कुणाला कळणार आहे?

उल्ला : मला. मी अध्यक्ष आहे गं या संघाची. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतील.

मेटे : कोण म्हणेल? कुणाला माहीतच नाही तर कोण म्हणेल?

उल्ला : मी म्हणेन. रोज. तू तिथे गुडघे टेकून मुळे लावत असशील, पोर शेजारी असेल, मी कुंपणावरून बघेन, आणि मला तू दिसणारच नाहीस. ती दिसेल. तिची खुर्ची दिसेल.

मेटे : आणि मी अकरा वर्षं थांबले ते? मी नाही का कुणी? मी खिडकीत कोथिंबिरीच्या चार काड्या लावते आणि त्याही मरतात, आई! मी सगळ्यांना सांगून बसलेय. योनासने आज सकाळी शिट्टी वाजवत फावडी पुसली. शिट्टी वाजवत!

उल्ला : रडू नकोस. …बरं, रड. मलाही रडू येतंय. तुला वाटतं मला काही वाटत नाही? मी रोज सकाळी उठून त्या सुतळीकडे बघते. कॉफी हातात घेऊन बघते. मी चिडलेय, मेटे. त्या बाईवर चिडलेय, केकवर चिडलेय, प्रेबनवर तर इतकी चिडलेय की त्याला त्याच कारंज्यात बुडवावं. त्याने वेळेवर उघडलं असतं तर मी तुला आशाच लावली नसती.

मेटे : शेवटचं परत वाच.

उल्ला : 'मला एक खुर्ची ठेवायला जागा हवी आहे, जिथे संध्याकाळी तासभर कुणी हाक मारणार नाही.'

मेटे : किती मुलं म्हणाली?

उल्ला : बावीस.

मेटे : मला एकच व्हायचंय अजून, आणि पाठीचे तुकडे झालेत. …बावीस.

उल्ला : हो.

मेटे : म्हणजे आता मी यादीत पहिली?

उल्ला : पहिली. बागा चौऱ्याऐंशी आहेत, आणि त्यातले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे आहेत.

मेटे : शी, आई!

उल्ला : जटलंडात राहायला जातील म्हणते मी! तू पण ना.

मेटे : योनासला काय सांगू? फावडी गाडीत गेलीसुद्धा.

उल्ला : काढू नका म्हणावं. माझ्याकडे या दोघं. माझे बटाटे लावायचेत.

मेटे : तुझ्या बटाट्यांना तू कुणाला हात लावू देत नाहीस.

उल्ला : या वर्षी देईन. एका ओळीला. ती ओळ तुझी. …ठेव आता, पाय वर करून बस. प्रेबन येतोय. पार भिजलाय.

प्रेबन : एकतीसचा बंद केला. मग बत्तीसचा उडाला. त्याला विचारलं, मेल वाचला नाहीस का? म्हणतो, कुणाला लिहिला होतास? …टॉवेल आहे का? तुझे डोळे असे का झालेत?

उल्ला : टॉवेल दारामागे आहे. सापडलं.

प्रेबन : काय सापडलं?

उल्ला : फ्रेडरिक्के स्टेन्होल्ट. हे बघ. वाचू शकतोस, तुला लिहिलंय. केकसुद्धा तूच दिलायस तिला.

प्रेबन : बाजूला सरक. …अरे, ही ती? निळ्या टोपीची? फाटकाच्या बाहेर उभी होती, आत यायला तयारच नव्हती. म्हणाली, माझी बाग नाही इथे. …सोमवारी आलंय हे.

उल्ला : हो.

प्रेबन : सोमवार, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. पाच दिवस माझ्या पिशवीत. अडतीस वर्षांत एक पत्र रात्रभर पिशवीत राहिलं नाही, उल्ला. एकदा बर्फात पाय मोडला तरी दुसऱ्याच्या हातून पोचवलं. आणि हे पाच दिवस.

उल्ला : 'प्रिय चिटणीस' लिहिलंय.

प्रेबन : तो मीच ना!

उल्ला : आज कळलं का? बरं झालं. उशिरा का होईना.

प्रेबन : नंबर नव्हता वर. म्हणून खाली गेलं. नंबर घालायला काय झालं होतं हिला?

उल्ला : कुठून घालणार? नंबरच तर मागत होती ती.

प्रेबन : …खरंय. चुकलं माझं. उद्यापासून सगळी उघडेन. 'सगळ्यांनो'सुद्धा.

उल्ला : उघडशील. आणि रोज. मी येऊन बघेन.

प्रेबन : उल्ला. मी बाहेर होतो बराच वेळ.

उल्ला : होतास.

प्रेबन : तू एकटीच होतीस इथे. आणि मेटे…

उल्ला : हो, आला होता विचार मनात. चांगला पाव तास बसला होता खुर्ची ओढून. आता गेला. मेटेशी बोलले मी. अजून काही विचारू नकोस, नाहीतर मी पुन्हा रडेन आणि सभेत नाक लाल दिसेल. लिही तिला उत्तर.

प्रेबन : मीच लिहू?

उल्ला : तूच. तुझ्या पिशवीतलं आहे. आणि एका बोटाने टाइप करू नकोस, दोन वाजतील.

प्रेबन : 'प्रिय रिक्के.' बरोबर?

उल्ला : बरोबर. पुढे. 'मागच्या भेटीबद्दल—'

प्रेबन : '—आभार.' तू तर म्हणत होतीस आभार बंद करा.

उल्ला : एकदा मानावेत म्हणाले होते. लिही. 'बाग तुमची आहे. आज एक वाजता सभेत जाहीर करतोय, हे वाचाल त्या दिवशी किल्ली घ्यायला या. आणि खुर्ची घेऊन या.'

प्रेबन : 'खुर्ची घेऊन या.' छान. आणि शेजारी कोण आहे ते लिहू का? 'सेहेचाळीस नंबरला उल्ला राहते, फार बोलते, पण बटाटे चांगले पिकवते.'

उल्ला : लिही, 'हाक मारणार नाही.'

प्रेबन : …लिहिलं. आता वरची ओळ. नाव आणि नंबर. 'रिक्के स्टेन्होल्ट, बाग नंबर सत्तेचाळीस.' आता कुठल्याही टपालवाल्याला सापडेल. पाठवू?

उल्ला : दोन मिनिटं थांब. आधी मी ती सुतळी सोडून येते.